‘संगीत संशयकल्लोळ’ हौशी संस्थेनं बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी नाट्यसंस्था, महाराष्ट्र मंडळं, बँका-कारखान्यांची कलापथकं आणि गावच्या उत्सवात नाटक करणारी मंडळी यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं दिली आहेत. संगीत नाटक पहिल्यांदाच करणाऱ्यांनी पट्टी (गायकाचा आधारस्वर), तसबीर आणि तालमी यांवरचे प्रश्न आधी वाचावेत. बहुतेक प्रयोग या तीन ठिकाणीच अडतात.

पहिलंच संगीत नाटक करायचं तर ‘संशयकल्लोळ’च का?

कारण याचं गद्य स्वतःच्या पायावर उभं आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावानं १८९३ च्या सुमारास गद्यातच लिहिलं होतं. पदं नंतर आली, आणि गंधर्व नाटक मंडळीनं १९१६ साली, देवलांच्या निधनानंतर, ते संगीत रूपात रंगभूमीवर आणलं. बालगंधर्वांची नायिका रेवती आणि गणपतराव बोडसांचा संशयी नवरा फाल्गुनराव तिथपासूनच्या. कथेचा सांगाडा त्याहून जुना: मोलिएरचा १६६० चा प्रहसनवजा खेळ, त्यावरून आर्थर मर्फीचं १७६१ चं इंग्रजी नाटक, आणि त्यावरून देवल. तीन भाषांत घासून गुळगुळीत झालेलं हे यंत्र आहे. एखादं पद पडलं तरी प्रवेश पडत नाही, ही सोय पौराणिक संगीत नाटकांत फार कमी मिळते.

दुसरं कारण आटोपशीरपणाचं. राजदरबार नाही, युद्ध नाही, देवादिकांचे मुकुट नाहीत. घर, रस्ता, दिवाणखाना एवढ्यात सगळं भागतं.

परवानगी कुणाची घ्यायची? मानधन कुणाला द्यायचं?

देवल १९१६ साली वारले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे मूळ संहिता आणि पदं कुणाच्याही मालकीची नाहीत. तरी दोन गोष्टी तपासा. तुमच्या हातातली प्रत जर कुणी अलीकडे संपादित केलेली रंगावृत्ती असेल, तर त्या काटछाटीवर आणि नव्या वाक्यांवर त्या संपादकाचा हक्क असतो. त्याची लेखी परवानगी घ्या, नाहीतर जुनी छापील प्रत मिळवून स्वतः संपादन करा. आणि दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण जसंच्या तसं वाजवायचं असेल तर मुद्रणाचा हक्क वेगळा असतो.

अजून हक्कात असलेलं एखादं नाटक करणाऱ्यांसाठी: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१) मध्ये हौशी संस्थेला विनातिकीट प्रयोगाची, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठीच्या प्रयोगाची सूट आहे. तिकीट लावलंत आणि पैसे स्वतःच्या संस्थेकडे घेतलेत की ती सूट गेली.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तुम्ही प्रत्यक्ष जी संहिता करणार आहात तीच दाखल करा. काटछाट आधी पूर्ण करा, मग टाईप करा, मग अर्ज करा. नाट्यगृहाला आणखी कुठले कागद लागतात त्याची यादी तारीख ठरवतानाच व्यवस्थापकाकडून लिहून घ्या.

पदं किती ठेवायची?

हिशेब घड्याळावरून करा. १४ पदं धरली आणि प्रत्येक सरासरी ४ मिनिटांचं, तर ५६ मिनिटं झाली. गद्य ९५ मिनिटं, मध्यंतर १५. एकूण २ तास ४६ मिनिटं, आणि हे सगळं वेळेवर सुरू झालं तर. वन्समोअर, उशिरा पडदा, सत्काराची भाषणं यांना जागा हवी. म्हणून हौशी प्रयोगाला १२ ते १४ पदं पुरेशी आहेत असं आमचं मत आहे.

‘कर हा करी धरिला शुभांगी’, ‘मृगनयना रसिकमोहिनी’, ‘सुकांत चंद्रानना पातली’, ‘कुटिल हेतु तुझा फसला’, ‘मजवरी तयांचे प्रेम खरे’, ‘संशय का मनि आला’ ही पदं कापू नका. प्रेक्षक ती ऐकायलाच आलेले असतात. बाकीच्यांपैकी निवडताना एकच कसोटी लावा: पद सुरू होताना पात्राच्या मनात जे होतं, ते पद संपताना बदललेलं किंवा वाढलेलं असतं का? नसेल तर ते पद गेलं तरी चालेल.

पदाची लांबी ठरवायला जुन्या तबकड्या ऐका. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटंच मावत. तेवढ्यात मुखडा, अंतरा, आलाप, ताना सगळं बसवलेलं असे, आणि पद अपुरं वाटत नसे. आजच्या गायक नटाला ‘चार मिनिटांत काय होणार’ असं वाटतं तेव्हा त्याला त्या ऐकवा.

संहितेत काय कापायचं?

मूळ लिखाण लांब बसणाऱ्या प्रेक्षकासाठी आहे. घडून गेलेलं पुन्हा सांगणारे संवाद पहिल्यांदा काढा. प्रेक्षकानं डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग दुसऱ्या पात्राच्या तोंडून पुन्हा ऐकण्याची गरज नसते. अपवाद एकच: सांगणारा चुकीचं सांगत असेल तर ते ठेवा, कारण संशयाचं खतपाणी तेच आहे.

स्वगतं सरसकट कापू नका. फाल्गुनरावाचं स्वगत गेलं की तो नुसता आरडाओरडा करणारा नवरा उरतो. जुनी भाषा आजची करण्याचाही प्रयत्न नको. देवलांची वाक्यं बोलीवर बेतलेली आहेत, तोंडात सहज बसतात. शब्द कळत नाही अशी शंका आली तर तो शब्द बदला, वाक्य नको.

पात्रनिवड करताना गाणारा शोधायचा की नट?

रेवती आणि तिचा प्रियकर अश्विनशेठ यांच्यासाठी गाणारे शोधा, फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका यांच्यासाठी नट. फाल्गुनराव बहुतेक प्रयोगांत जवळजवळ गद्यच असतो आणि नाटकाचा भार त्याच्यावरच असतो. संस्थेतला सगळ्यात अनुभवी विनोदी नट तिथं द्या, पण वेळेचं भान असलेला. प्रत्येक ओळीवर हशा घेणारा नट या भूमिकेला घातक आहे.

गायकाची चाचणी नुसत्या बैठकीत घेऊ नका. आधी अर्धं पान गद्य उभ्यानं, हालचाल करत बोलायला लावा आणि तिथूनच थेट पद सुरू करायला सांगा. बसून तासभर उत्तम गाणाऱ्यांचा श्वास इथं पहिल्याच ओळीत तुटतो. तो दोष दोन महिन्यांच्या सरावानं सुधारतो. पण बोलताना चेहरा कोरा राहत असेल तर दोन महिने पुरत नाहीत, तेव्हा पर्याय असेल तर चेहरा बोलका असलेला, थोडं कमी तयारीचा गायक घ्या.

फाल्गुनरावाचा नोकर भादव्या ही लहान भूमिका समजून उरलेल्या माणसाला देऊ नका. मालकाच्या संशयावर नोकर कसा वागतो यावर अर्धा हशा ठरतो. पुरुषांची नावं महिन्यांवरून, बायकांची नक्षत्रांवरून आहेत, ती नव्या प्रेक्षकाच्या डोक्यात गोंधळतात. पत्रिकेत नावापुढे नातं छापा: ‘कृत्तिका, फाल्गुनरावांची पत्नी’.

पट्टी कशी ठरवायची? दोघांची पट्टी वेगळी असेल तर?

वेगळी असणारच. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या भाषेत पुरुष साधारण काळी १ ते पांढरी ३ मध्ये गातो, बाई पांढरी ४ ते काळी ५ मध्ये. कुणी कुणासाठी पट्टी ओढूनताणून बदलू नये. त्यानं तार षड्ज (वरचा सा) तरी किंचाळतो किंवा खर्ज (खालचे स्वर) तरी ऐकू येत नाही.

नटाची पट्टी बैठकीपेक्षा अर्ध्या स्वरानं खाली धरा. भांडण करून, धावून, फेटा बांधून गायचं असतं, आणि रात्री अकराच्या सुमारास शेवटची पदं येतात.

अडचण खरी तबल्याची असते. पेटीवाला दुसऱ्या पट्टीत लगेच जातो, पण तबला एकाच स्वराला लावलेला असतो. सोपी वाट अशी: अश्विनशेठ काळी १ आणि रेवती काळी ४ मध्ये गात असेल, तर तिचा षड्ज (सा) हाच त्याचा पंचम (प) होतो. काळी ४ ला लावलेला सहा इंची तोंडाचा एक तबला दोघांनाही चालतो. त्याच्या एखाद्या पदात पंचम वर्ज्य असेल तर काळी १ चा पाच-सव्वापाच इंची तबला शेजारी तयार ठेवा. पट्ट्यांत हे षड्ज-पंचमाचं नातं बसत नसेल तर दोन तबले हवेतच. प्रवेशाच्या मध्ये हातोडीनं ठोकत बसलेला तबलजी गद्याचे सगळे हशे खातो.

तबला एसी लावून अर्धा तास झाल्यावर सुरात मिळवा. दमट हवेत पुडी (तबल्याचं कातडं) सैल होऊन स्वर उतरतो, एसीच्या कोरड्या हवेत आणि दिव्यांच्या उष्णतेत तो चढतो. तालमीच्या खोलीत मिळवून आणलेला तबला पहिल्या पदालाच दगा देतो.

ऑर्गन हवाच का? ट्रॅकवर गायलं तर?

पायपेटीचा भरदार, न तुटणारा सूर संगीत नाटकाला वेगळीच बैठक देतो. मिळत असेल तर जरूर घ्या. पण प्रयोगाच्या आठवडाभर आधी तरी वाजवून बघा. पायट्यांचे पट्टे तुटलेले असतात, भाता हवा सोडतो, पावसाळ्यात बोटांखालच्या पट्ट्या फुगून खाली अडकतात. आणि जुने ऑर्गन बऱ्याचदा आजच्या प्रमाण स्वरापेक्षा थोडे खाली-वर असतात. मोबाईलवरच्या ट्यूनरनं ऑर्गन तपासा आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा ऑर्गनला मिळवा, उलट नाही. साथीला हार्मोनियमही असेल तर दोन्ही एकत्र वाजवून ऐका. दोहोंत बारीक फरक असेल तर एकच ठेवा. ऑर्गन नसेल तर चांगली हार्मोनियम पुरते. कीबोर्डवर रीड ऑर्गनचा आवाज लावला तरी चालतं, फक्त त्यात व्हायोलिन, बासरी मिसळण्याचा मोह टाळा.

ट्रॅकवर गाऊ नका. रेकॉर्ड केलेली साथ थांबत नाही, आणि हे नाटक थांबण्यावर चालतं. हशा लांबला, समोरच्याची ओळ उशिरा आली, वन्समोअर आला, या प्रत्येक वेळी साथीदाराला नटाकडे बघून वाट पाहावी लागते.

साथीदारांची जागा अशी हवी की ऑर्गनवाल्याला नटाचं तोंड आणि नटाला ऑर्गनवाल्याचा हात दिसेल. रंगमंचासमोर खाली, किंवा पहिल्या विंगेत पुढे. मागच्या विंगेत बसवलंत तर नट आवाजाच्या मागे आणि साथीदार नटाच्या मागे, असे दोघेही लयीत मागे पडत जातात.

बोलता बोलता पद सुरू होतं तिथं सगळं थांबल्यासारखं का वाटतं?

कारण नट बोलणं संपवतो, श्वास घेतो, पुढे येतो, ऑर्गनवाल्याकडे बघतो, सूर येतो, मग गातो. हे सहा-सात सेकंद प्रत्येक पदाला मोजा.

उपाय तालमीत करायचा. पदाआधीच्या शेवटच्या दोन वाक्यांच्या खालून ऑर्गनचा षड्ज हलका यायला हवा, प्रेक्षकाच्या ध्यानात न येता. नटानं शेवटचं वाक्य त्या सुराच्या आसपास आणून सोडायचं आणि शेवटच्या शब्दाच्या श्वासातच मुखडा उचलायचा. तबला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. ऑर्गनवाल्याच्या संहितेत प्रत्येक पदाआधीची ती दोन वाक्यं पेन्सिलनं अधोरेखित केलेली असली पाहिजेत.

बाहेर पडणंही तितकंच महत्त्वाचं. तिहाईनंतर, म्हणजे शेवटचा तुकडा तीनदा घेऊन पद संपल्यावर, टाळ्या येतात. त्या पडायला लागल्या, पूर्ण थांबायच्या आत, पुढचं वाक्य यावं, आणि ते गाणाऱ्यापेक्षा समोरच्या पात्राचं असलं तर उत्तम.

पद चालू असताना समोरच्या पात्रानं काय करायचं हा दिग्दर्शकाचा प्रश्न आहे, नटावर सोडू नका. ‘कुटिल हेतु तुझा फसला’ अश्विनशेठ रेवतीवर चिडून म्हणतो. तिनं चार मिनिटं पदराशी चाळा करत उभं राहायचं नाही. कुठल्या ओळीला ती उत्तर द्यायला पुढे येते, कुठल्या ओळीला थांबते, कुठं पाठ फिरवते हे गद्यासारखंच ठरवून द्या. तसंच ‘मृगनयना’ दरबारी कानड्यात आहे. राग भारदस्त, गायकाला तो पसरावासा वाटतो. पसरलात की विनोदी नाटकाचा वेग बसतो आणि पुढची दहा मिनिटं तो उठत नाही. बढत (रागाचा विस्तार) आवरा, ताना एक-दोन आवर्तनांतच संपवा.

तसबिरीसाठी एवढी खटपट कशाला? साधी फोटोफ्रेम चालत नाही?

चालत नाही. सगळं नाटक त्या एका वस्तूवर फिरतं. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, कृत्तिका ते दुरून पाहते आणि भलताच अर्थ घेते. त्या गडबडीत अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती तसबीर न्याहाळताना फाल्गुनराव तिला पाहतो. इथून पुढे प्रत्येकाचा संशय त्याच्या दृष्टीनं अगदी रास्त असतो. तसबीर कुठं पडली, कुणी उचलली, आता कुणाकडे आहे, हे शेवटच्या रांगेला कळलं नाही तर उरलेलं नाटक नुसती आरडाओरड वाटते.

म्हणून: आकार साधारण ५ इंच बाय ७ इंच. याहून लहान दिसत नाही, याहून मोठी पदराखाली लपत नाही. चौकट लाकडी, गडद, पाऊण इंच रुंद, सोनेरी कडा असलेली. काच नको. पडल्यावर फुटते आणि दिव्याखाली चमकून चित्र दिसेनासं होतं. मॅट कागदावर तपकिरी छटेत छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. फोटो त्याच नटाचा, त्याच पगडीत, त्याच रंगभूषेत काढलेला असावा, म्हणजे ड्रेपरी (भाड्यानं आणलेले पोशाख) ठरल्याशिवाय फोटो काढू नका. मागच्या रांगेला चेहरा नाही, पगडीची ठेवण ओळखू येते, तेव्हा चेहरा लहान आणि पगडी पूर्ण दिसेल असाच फोटो निवडा.

पडण्याची जागा खडूनं खूण करून पक्की करा. ती मध्यभागाच्या थोडी पुढे, कुठल्याही टेबल-खुर्चीनं न झाकली जाणारी असावी. रंगमंचावर सतरंजी असेल तर तसबीर आवाज न करता पडते आणि कुणाचं लक्षच जात नाही. त्या जागी सतरंजी नको. चित्राची बाजू वर पडेल याची खात्री नसते, म्हणून उचलणारीनं ती उलटून आधी प्रेक्षकांकडे झुकवावी, मग स्वतः पाहावी. दुसरी हुबेहूब प्रत विंगेत प्रॉपर्टीवाल्याच्या ताब्यात असू द्या. पहिली कपाटाखाली सरकण्याचे प्रकार होतात.

हशा येत नाही. काय चुकतंय?

बहुधा नट विनोद करत असतात. या नाटकातल्या कुणालाही आपण विनोदी वागतोय असं वाटत नाही. फाल्गुनरावाचं घर खरोखर मोडायला आलंय, कृत्तिकेचा जीव खरोखर जळतोय. तोंडं वेडीवाकडी केली, आवाज चिरका केला की प्रेक्षक दोन मिनिटं हसतो आणि मग त्याला त्यांच्या संशयाशी काही देणंघेणं उरत नाही.

दुसरी चूक वेगाची. संशय वाढतो तसा वेग वाढायला हवा, म्हणून सुरुवात शांत हवी. पहिल्या अंकातच टिपेला पोचलात तर पुढे चढायला जागा नाही.

तिसरी चूक स्वगतांची. स्वगत बोलणाऱ्यानं प्रेक्षकांतल्या एका माणसाला सांगितल्यासारखं बोलावं. छताकडे बघून बोललेलं स्वगत कुणालाच लागत नाही. आणि त्या वेळी दुसरं पात्र पुतळा होता कामा नये. त्याला छोटंसं काम द्या: सुपारी कातरणं, पत्र वाचणं, उपरणं नीट करणं.

तालमी किती दिवस, कशा?

नोकरी करून येणाऱ्या संस्थेला संगीत नाटकासाठी किमान अडीच ते तीन महिने धरा, आठवड्याला चार संध्याकाळ. पहिले तीन आठवडे गाण्याच्या आणि गद्याच्या तालमी वेगळ्या चालतात, तेवढंच. चौथ्या आठवड्यापासून पद गद्यात घालूनच तालीम करा, पेटीवर एकच माणूस असला तरी. शेवटच्या आठवड्यात दोन्ही एकत्र आणणाऱ्या संस्थांचा प्रयोग ‘आधी बोलले, मग गायले, मग बोलले’ असा तुकड्यातुकड्यांचा होतो. प्रयोग फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

नऊवारी आणि धोतर पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून अंगावर हवं, कुठलंही जुनं चालेल. पूर्ण साथीसह तीन तालमी आणि दिवे-ड्रेपरीसह रंगीत तालीम दोनदा, त्यातली एक प्रत्यक्ष नाट्यगृहात, मिळालं तर. पाठांतर पक्कं असलं तरी प्रॉम्प्टर काढू नका. संशयाच्या प्रवेशांत सारखी वाक्यं पुन्हापुन्हा येतात, आणि नट एका प्रवेशातून दोन पानं पुढच्या प्रवेशात उडी मारतात. प्रॉम्प्टरनं अशा जागांची खूण करून ठेवावी.

नेपथ्य?

तीन स्थळं पुरतात. रंगवलेले पडदे जुन्या पद्धतीला शोभतात आणि प्रवेश झटकन बदलतो. बॉक्स सेट (तीन बाजूंनी भिंती असलेली खोली) करायचा असेल तर दोन दारं आणि एक खिडकी हवीच, दारं खरी उघडणारी आणि बाहेरून कडी नसलेली. रस्त्याचे प्रवेश पुढच्या पडद्यासमोर करा, मागं घर लागतं. बदल अर्ध्या मिनिटाच्या वर जाता कामा नये.

नऊवारी, पगड्या, दागिने यांत काय सांभाळायचं?

शिवलेली नऊवारी घ्यायची की नेसवायची, हे वेशबदलावर ठरवा. रेवतीला दोन प्रवेशांच्या मध्ये साडी बदलायची असेल तर शिवलेली. कृत्तिकेला एकच साडी असेल तर नेसवलेली, चालणं-बसणं जास्त खरं दिसतं. नेसवलेलीला कासोट्याजवळ आणि निऱ्यांना आतून सेफ्टी पिना लावाच.

पगडी नटाच्या डोक्याच्या मापाची हवी. ड्रेपरीवाल्याकडून प्रयोगाच्या दिवशी आलेली पगडी बहुतेकदा मोठी असते, आतून फोमची पट्टी लावून ती घट्ट करा. कपाळावर घाम आला की ती सरकते आणि नट गाताना हात तिकडेच जातो.

माइक कुठं लावायचे?

दागिन्यांपासून दूर. तन्मणी, चिंचपेटी माइकवर आपटून कटकट आवाज येतो आणि बाईचं पद वाया जातं. रेवतीचा माइक केसांत, कपाळाच्या वर, कातडीच्या रंगाच्या टेपनं लावा. पुरुषांचा पगडीच्या कडेखाली. माइकचा कमरपट्ट्याला लावलेला डबा रेवती भोवळ येऊन ज्या कुशीवर झुकते त्याच्या उलट बाजूला असावा. मध्यंतरात सगळ्या बॅटऱ्या बदला, अर्ध्या भरलेल्या असल्या तरी. चारच वायरलेस परवडत असतील तर ते फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती यांना द्या, बाकीचे फूट माइकवर भागतात. आवाज सांभाळणाऱ्या माणसाला निदान दोन तालमींना बसवा. त्याला पद कुठं येतं हे ठाऊक नसेल तर पहिल्या ओळीचा आवाज नेहमी कमी येतो.

वन्समोअर आला तर घ्यायचा का?

घ्यायचा, पण आधी ठरवून. कुठल्या दोन किंवा तीन पदांना घ्यायचा ते साथीदारांसह पक्कं करा, आणि पुन्हा गाताना अख्खं पद नाही, फक्त अंतरा आणि मुखडा. संशयाचा प्रवेश चढत असताना येणारा वन्समोअर नम्रपणे सोडून द्या. समोरच्या पात्रानं लगेच पुढचं वाक्य टाकलं की प्रेक्षक समजून घेतो.

रेवती नायकिणीची मुलगी आहे, नवरा बायकोवर पहारा ठेवतो. आजच्या प्रेक्षकाला हे खटकणार नाही का?

खटकावं असंच देवलांनी लिहिलंय. ज्या लेखकानं १८९९ साली ‘शारदा’त जरठ-बाला विवाहावर प्रहार केला, त्याचं हे नाटक आहे. नाटकात सगळ्यात सरळ आणि निष्ठावान व्यक्ती रेवती आहे, आणि प्रतिष्ठित घरातला फाल्गुनराव वेडाच्या कडेला पोचलेला. रेवतीची आई मघा, तिला नायकीण म्हणून बटबटीत करू नका, रेवतीला लाडिक करू नका. ‘ही बहु चपल वारांगना’ हे पद अश्विनशेठच्या चुकीच्या समजुतीतून आलेलं आहे हे दिसलं पाहिजे. तिथं दिग्दर्शकानं त्याची बाजू घेतली की नाटकाचा तोल जातो. बायकांबद्दलची सरसकट टोमण्याची एखाद-दुसरी ओळ कापली तर बिघडत नाही, पण कृत्तिकेचं उलट उत्तर मात्र कापू नका.

कमी पैशात करायचं तर कुठं वाचवायचं?

नेपथ्यात आणि छापील पत्रिकेत. साथीदारांच्या मानधनात आणि ध्वनिव्यवस्थेत नाही. साथीदारांना फक्त प्रयोगाला बोलावून पैसे वाचवण्याची कल्पना महागात पडते. त्यांच्या किमान पाच तालमींचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरा.

गोव्यात जत्रेला किंवा परदेशात मंडळात करायचं आहे. काही वेगळं?

गोव्यात देवळापुढच्या मंडपात नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि प्रेक्षक गाण्याचा दर्दी असतो. तिथं पदं दोन-तीन जास्त ठेवा आणि वन्समोअरला वेळ ठेवा. उघड्यावर दव पडतं, तबल्याचा स्वर पहाटेकडे उतरत जातो, दोन तबले जवळ असावेत. मंडपात छताचे माइक निरुपयोगी ठरतात.

परदेशात मुख्य अडचण ऑर्गनची आणि नऊवारी नेसवणाऱ्या हातांची. डिजिटल कीबोर्ड घ्या, नऊवारी शिवून न्या, पगड्या कडक खोक्यातून न्या. तिथल्या सभागृहांत तेलाचे दिवे, उदबत्ती यांवर बंदी असते आणि धूर झाला तर इशाऱ्याची घंटा वाजते. नांदीच्या वेळची पूजा विजेच्या समईवर उरका.

प्रयोगाच्या दिवशी आवाज बसला तर?

दोन दिवस आधीपासून नटाला कुजबुजूही देऊ नका. कुजबुजण्यानं घशावर ताणच येतो. गप्प राहणं, भरपूर कोमट पाणी आणि वाफ एवढंच. प्रयोगाच्या सकाळी संपूर्ण पदं गाऊन बघण्याचा मोह टाळा, खर्जातले दहा मिनिटांचे स्वर पुरेत.

तरी बसलाच, तर संध्याकाळी पाचपर्यंत निर्णय घ्या. पट्टी एका स्वरानं उतरवा. तबला बदलावा लागेल, म्हणून तबलजीला लगेच कळवा. ताना काढून टाका, मुखडा आणि अंतरा सरळ गा, आणि दोन पदं पूर्ण वगळा. कुठली वगळायची हे आधीच लिहून ठेवलेलं असावं, आणि ती वगळल्यावर गद्यातलं कुठलं वाक्य कुठं जोडायचं तेही. हा कागद प्रॉम्प्टर, ऑर्गनवाला आणि ध्वनीवाला या तिघांकडे हवा. विंगेतून दुसऱ्यानं गायचं आणि नटानं ओठ हलवायचे हा उपाय करू नका. पहिल्या तीन रांगांना तो लगेच कळतो, आणि त्यानंतर अश्विनशेठच्या रागावरही कुणाचा विश्वास बसत नाही.